संगणकाची जुनी वाट

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे संगणक एकाएकी अडले. पडद्यावर खंडणीची मागणी तेवढी दिसे. 'वॉनाक्राय' नावाच्या या उपद्रवापायी तेथे १९,००० हून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे सरकारी लेखापरीक्षकांनी दिला.

उपद्रव पसरला तो 'एसएमबी-१' या वाटेने. एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर उघडावी, एकच प्रिंटर चौघांनी वापरावा, यासाठी यंत्रांनी परस्परांशी बोलण्याची ही रीत. तिचे मूळ १९८३ सालचे, आयबीएममधले. २००६ च्या सुमारास सुधारलेली रीत आली; पण जुनी काही कोणी काढली नाही. आपल्याकडे माळ्यावरच्या सामानाचे होते तेच! तिच्यातील दोष झाकणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती.

आता ही वाट हाताने कशी बंद करावयाची? प्रथम चौकशी करावी. एखादा जुना स्कॅनर किंवा प्रिंटर हीच एक भाषा जाणत असतो, आणि तो बंद पडला की दोष आपल्या माथी येतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रतही आधीच काढून ठेवावी.

विंडोज ८.१ किंवा १० असेल तर काम सोपे. कंट्रोल पॅनेलमधील 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून 'एसएमबी १.०' पुढील खूण काढावी व यंत्र पुन्हा सुरू करावे. विंडोज ७ मध्ये मात्र हा भाग काढता येत नाही, निष्क्रिय करता येतो. त्यासाठी रजिस्ट्रीत 'लॅनमॅनसर्व्हर'च्या 'पॅरामीटर्स'मध्ये 'एसएमबी१' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत ० ठेवावी लागते. रजिस्ट्री म्हणजे यंत्राची कुंडलीच. एक अक्षर चुकले तरी घोटाळा होतो, म्हणून तिचीही प्रत आधी घ्यावी.

विंडोज एक्सपीची गोष्ट निराळी. त्याला दुसरी रीत येतच नाही. तेथे नेटवर्क जोडणीच्या प्रॉपर्टीजमधून 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हा घटकच अनइन्स्टॉल करावा. मग त्या यंत्रावरील फाइली दुसऱ्यांना जाळ्यातून मिळणार नाहीत; पेन ड्राइव्हवरून न्याव्या लागतील. गैरसोय खरी, पण माझ्या मते ती पत्करावी.

शेवटी दुसऱ्या संगणकावरून एक कागद छापून पाहावा, आणि काय काय बदलले ते वहीत टिपून ठेवावे. छपाई अडली तर काढलेली खूण परत करता येते.