बारा तासांची पाळी
लेखमाला : कापडाची वाट (लेखांक ९)

सकाळचे सात वाजले होते. सुरतेतल्या उधना आणि सचिन यांच्या मधलं भेस्तान. एका गल्लीतल्या मागांच्या शेडमधून रात्रपाळीचे कामगार एकेक करून बाहेर पडत होते. आतला खडखडाट थांबला नव्हता. दिवसपाळीवाल्यांनी चालते मागच ताब्यात घेतले होते. शहादा तालुक्यातल्या एका कामगाराने खिशातून घडी पडून मऊ झालेली वही काढली. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात मागाचा नंबर, तिसऱ्यात मीटर. मधे दोन तारखांपुढे नुसती फुली. "त्या रात्री तार तुटतच राहिली," तो म्हणाला. "सूत कच्चं होतं. मीटर निघालं नाही, म्हणजे पैसे नाहीत." तो जरा मोठ्यानेच बोलत होता, मागावर काही वर्षं काढली की माणूस बाहेरही तसाच बोलतो. त्या दोन्ही रात्री तो बारा-बारा तास उभा होता. वहीत तासांना रकानाच नाही.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली आणि श्रीमंत देशांनी १९७४ पासून कापडावर लावलेला कोटा १ जानेवारी २००५ ला पूर्ण उठला, हे मागच्या लेखांकात आलं. या खुल्या व्यापाराला विरोधही तेवढाच जुना आहे. पण विरोध करणारे सगळे एकाच बाजूचे, असं धरून चाललं तर आपली फसगत होते.

सुरतचंच बघा. इथलं कापड मुख्यतः पॉलिएस्टरचं. खनिज तेलापासून पीटीए नावाचा कच्चा माल, त्यातून पॉलिएस्टर, त्याचं सूत, मागावर ग्रे कापड, पांडेसराच्या मिलमध्ये रंगाई-छपाई आणि शेवटी रिंग रोडच्या बाजारात साडी. पीटीए बनवणाऱ्या कंपन्या देशात मोजक्या. बाहेरून येणाऱ्या स्वस्त पीटीएवर अँटी-डम्पिंग शुल्क असावं, हा त्यांचा आग्रह. ते उठावं, ही पुढे त्या मालावर चालणाऱ्या सूत आणि विणकर कारखानदारांची मागणी. २०२० च्या अर्थसंकल्पात ते उठलं. हेच विणकर कारखानदार बांगलादेशातून बिनशुल्क येणाऱ्या तयार कपड्यांविरुद्ध आणि चिनी कापडाविरुद्ध मात्र भिंत मागतात. जो तो विकत घेतो त्या वस्तूसाठी दार उघडं मागतो आणि विकतो त्या वस्तूसाठी बंद. धंद्याच्या हिशेबाने यात गैर काही नाही.

मागावरचा माणूस विकतो काय? अंगमेहनत. तिच्यासाठी कुणी भिंत बांधलेली नाही. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आणि ताप्ती लाइनने आपल्या खानदेशातून माणसं येत राहतात. पोटासाठी गाव सोडणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. पण बाजार मंदावला की पहिली कात्री मीटरच्या भावाला लागते आणि बाजार चढला की भाव त्याच वेगाने चढत नाही. शुल्क लागो की उठो, वहीतल्या तिसऱ्या रकान्यावर त्याचा परिणाम काय, हे कुठल्याच वाटाघाटीत विचारलं जात नाही.

ही गोष्ट मराठी माणसाने फार पूर्वी ओळखली होती. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी खुल्या व्यापाराच्या नावाने १८८२ मध्ये हिंदुस्थानातलं कापडावरचं आयातशुल्क काढून घ्यायला लावलं. मुंबईतल्या गिरण्यांना कायद्याचं बंधन हवं, असा आग्रहही त्यांनीच धरला होता. मजुरांचा कळवळा हे त्यांचं कारण होतंच, असं म्हणवत नाही; मुंबईचा माल त्यांच्या मालाला भारी पडू लागला होता. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांचे तास ठरवले, मोठ्या माणसांच्या तासांना हातही लावला नाही. उलट मुंबईचे मालक देशी धंदा वाचवा म्हणत बंधनांना विरोध करत होते. या दोन्ही गटांपासून गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे वेगळे उभे राहिले. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी पुढे आणलं. त्यातल्या मागण्या अशा : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी झाल्यास भरपाई. परदेशी माल येऊ द्यावा की नाही, याचा त्यात शब्द नाही. सहा वर्षांनी, १० जून १८९० पासून, रविवारची सुटी मिळाली.

नंतरची वाट मुंबईहून थेट भेस्तानला येते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागांचा खडखडाट त्या काळात भिवंडीत आणि सुरतेत वाढला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला उचलून धरलं आणि गिरणी आणि यंत्रमाग यांत भेद करायचा नाही, असं ठरवलं. गिरणीत आठ तास, भोंगा, युनियन, हजेरीपट होता. शेडमध्ये यातलं काही आलं नाही.

जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिकीकरणावर टीका करणाऱ्यांचा जागतिक सामाजिक मंच भरला, तेव्हा महामार्गाच्या पलीकडे 'मुंबई रेझिस्टन्स' नावाचा दुसरा मेळावा होता. जागतिकीकरणाला मानवी चेहरा देऊन चालणार नाही, कंपन्यांची सत्ताच मोडली पाहिजे, असं तिथल्या डाव्या, जहाल संघटनांचं म्हणणं होतं. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांसोबत एका मांडवात बसायला त्यांची तयारी नव्हती. मला त्यांचं निदान पटतं, एवढंच की भेस्तानसारख्या ठिकाणी या भाषणांची वाट शेडच्या दारापर्यंत क्वचितच पोचते. पुढे ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत 'आरसेप' या खुल्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. कामगार आणि शेतकरी संघटनांच्या विरोधाचा त्यात वाटा होता. तरी शेडमधली पाळी बारा तासांचीच राहिली.

करोनाच्या टाळेबंदीत मात्र तासांची ही लढाई उघड्यावर आली. १७ एप्रिल २०२० ला गुजरात सरकारने अधिसूचना काढली : कारखान्यात दिवसाला बारा, आठवड्याला ७२ तास काम आणि जादा तासांना नेहमीचाच दर. १९४८ चा कारखाना कायदा जादा तासांना दुप्पट दर सांगत होता. गुजरात मजदूर सभा आणि ट्रेड युनियन सेंटर ऑफ इंडिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अधिसूचना रद्द केली आणि झालेल्या जादा कामाचे दुप्पट पैसे द्यायला सांगितलं. हा विजय मोठा आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पाच वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, राज्याने अध्यादेश काढला आणि दिवसाला बारा तासांपर्यंतची मुभा पुन्हा आणली. या वेळी कामगाराची लेखी संमती आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून.

मी वहीवाल्या त्या कामगाराला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल विचारलं. त्याने ऐकलं नव्हतं. तुमच्या शेडमध्ये किती माणसं, असं विचारल्यावर तो हसला. "असतील पंचवीस. कागदावर नऊ." जुन्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून सुरू होत असे; २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती मर्यादा वीसवर गेली. वही घडी करून त्याने खिशात ठेवली आणि झोपायला गेला. संध्याकाळी सातला त्याची पाळी होती.

एका छपराखालच्या पंचवीस माणसांचे कागदावर नऊ कसे होतात, ते पुढच्या लेखांकात.