भारतातील आरोग्यखर्चाची दीर्घकालीन प्रवृत्ती : एक दृष्टिक्षेप

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाचा एकूण आरोग्यखर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.० टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३.८ टक्के झाला. एकूण प्रमाण फारसे बदलले नाही. बदलली ती भाराची विभागणी. याच काळात शासकीय खर्च उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला, तर एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला.

ही घट स्वागतार्ह असली तरी तिचा अर्थ जपून लावला पाहिजे. २०२१-२२ हे कोविड साथीचे वर्ष असल्याने त्या वर्षीचा शासकीय खर्च सर्वसाधारण मानता येत नाही. शिवाय शासकीय खर्च वाढल्यास कुटुंबांचा खर्च तेवढाच राहूनही त्याचा वाटा घटतो. पैशाअभावी टाळलेला उपचार तर कोणत्याही लेख्यात नोंदला जात नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने २०२५ पर्यंत शासकीय खर्च २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठरविले होते. सारांश, उद्दिष्टपूर्तीबरोबरच उपचाराविना राहिलेल्यांची मोजणी झाल्याशिवाय या प्रवृत्तीचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.