व्याजाचा दर, मजुरीचा करार आणि बेकारी



मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने महागाई आवरण्यासाठी रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. अशी बातमी आपण वाचतो अन् पान उलटतो. परंतु कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो व त्यातून उसाचे बिल भागवतो. व्याज चढले की त्याची झळ आपल्याला बसतेच. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची पोरं पुण्या-पिंपरीकडे नोकरीला आहेत. त्यांच्या नोकरीचा या दराशी काय संबंध, ते पाहू.

व्याज महागले की मोटार घेणारा थांबतो, घर बांधणारा थांबतो. कारखानदाराचा माल उठत नाही. मग त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. मजुरीची वाढ आवरायची, नाहीतर माणसं कमी करायची. मजुरी कराराने आधीच बांधली गेली असेल, तर पहिली वाट बंद होते. युनियनचा संबंध येतो तो इथे.

पश्चिम जर्मनीचे उदाहरण घ्या. १९७३ साली तिथल्या बुंडेसबँक या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी पैसा आवळला. वर्षअखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले. महागाई अशीच चालणार असे धरून सरकारी व नगरपालिका कामगारांच्या युनियनने फेब्रुवारी १९७४ मध्ये संप केला आणि ११ टक्के वाढ मिळवली. बँक मात्र हटली नाही. एक बैल पुढे ओढतोय, दुसरा मागे, मग गाडीचं काय होणार? १९७३ साली तीन लाखांच्या आत असलेले बेकार १९७५ साली दहा लाखांवर गेले. तेलाचाही त्यात वाटा होता, हे खरे.

डिसेंबर १९७४ मध्ये बँकेने पुढील वर्षी पैशाचा पुरवठा किती वाढू देणार, तो आकडा आधीच जाहीर केला. करार करणाऱ्या दोन्ही बाजूंना अंदाज आला व पुढे वाढीचे आकडे खाली आले. १९७८ साली महागाई ३ टक्क्यांच्या आत आली. तथापि बेकारी १९७३ च्या पातळीवर काही परतली नाही. गेलेली नोकरी लवकर परत येत नाही, ती अशी.

याचा अर्थ युनियन नको, असा मुळीच नव्हे. युनियन नसेल तर मंदीत मजुराची बाजू कोण मांडणार? प्रश्न एकमेकांचे न ऐकता केलेल्या कराराचा आहे. आपल्या राज्यात साखर कामगारांचा वेतनकरार त्रिपक्षीय समितीत ठरतो. कामगार, कारखाने व शासन तिथे एकत्र बसतात. त्या बैठकीत साखरेच्या भावाबरोबर बँकेच्या व्याजाचा हिशेबही मांडला जावा. त्यात कामगाराचेही हित आहे आणि ऊस घालणाऱ्या सभासदाचेही.