ज्याचं त्याचं कसब

फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. त्यात सुरुवातीला तीनच प्रकारची पात्रं: योद्धा, जादूगार, धर्मगुरू. जखमा बऱ्या करणारे मंत्र धर्मगुरूकडेच. म्हणजे प्रत्येकाला मान, पण एक नसला की सगळ्यांचं अडलं! पुढे १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात ठरावीक गुण खर्चून हवं ते कसब घ्यायची मोकळीक मिळाली. गुण मोजकेच, म्हणून निवड आलीच.

आमच्या बचत गटात हिशेब एकीलाच यायचा. ती आजारी पडली नि महिनाभर कर्जवाटप अडलं. आता जमाखर्च सगळ्याजणी शिकल्यात. वही मात्र तिच्याच हाती. चूक तिलाच चटकन दिसते ना! तुमच्या गटात कसं आहे?