अणूंची हालचाल संगणकावर कशी रेकॉर्ड कराल?

"पदार्थातील कण सतत हालचाल करतात" हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेत बरोबरही लिहितात. पण टेबलावरच्या दगडातले कणसुद्धा आत्ता थरथरताहेत, हे त्यांना खरंच पटलेलं असतं का? विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "दगड कुठे हलतोय, मॅडम?"

यासाठी 'अवोगॅड्रो' हे मोफत सॉफ्टवेअर कामाचं आहे. त्याच्या १.२ आवृत्तीत ड्रॉ टूलने ऑक्सिजन निवडून पडद्यावर एक क्लिक करा. हायड्रोजनचे दोन अणू आपोआप जोडले जातात आणि पाण्याचा रेणू तयार होतो. मग ऑटो ऑप्टिमायझेशन टूलमध्ये 'मॉलिक्युलर डायनॅमिक्स ३०० के' निवडून स्टार्ट दाबा. रेणू थरथरू लागतो. त्याच वेळी विंडोज, ऑल्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबली की पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू होतं. वीस सेकंदांची क्लिप वर्गासाठी पुरते.

३०० केल्व्हिन म्हणजे २७ अंश सेल्सिअस. मे महिन्यातलं आपलं नागपूर ४५ अंशांवर गेलं तरी ते ३१८ केल्व्हिनच होतं! म्हणजे कणांचा सरासरी वेग वाढतो जेमतेम तीन टक्के, घाम मात्र आपला निघतो. मुलांना फरक ठळक दिसावा म्हणून ६०० केल्व्हिनचा पर्यायही लावून दाखवा.

पाण्यानंतर संत्र्याकडे वळा. साल दाबल्यावर जो वास सुटतो, त्यातला मुख्य पदार्थ लिमोनीन. त्याच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६, असे २६ अणू असतात. पबकेम या संकेतस्थळावरून त्याची त्रिमितीय फाइल उतरवून अवोगॅड्रोत उघडता येते. साल हातात आणि रेणू पडद्यावर, असा तास रंगतोच.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. हे कॅमेऱ्याने काढलेलं चित्रीकरण नाही, हे मुलांना सांगायलाच हवं. संगणक प्रत्येक अणूवरचं बल काढतो, त्यावरून अणू पुढच्या क्षणी कुठे असेल ते ठरवतो आणि हेच पुन्हा पुन्हा करतो. एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे सेकंदाचे हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. पाऊल एवढं छोटं का? कारण हायड्रोजनचा बंध एकदा मागेपुढे व्हायलाच सुमारे दहा फेम्टोसेकंद लागतात. पाऊल मोठं टाकलं तर गणित बिघडतं आणि रेणू पडद्यावर फुटून विखुरतो.

संशोधक पडदा रेकॉर्ड करत नाहीत, ते आकडे साठवतात. प्रत्येक अणूचे तीन, म्हणजे लिमोनीनच्या एका चित्राला ७८ आकडे. ग्रोमॅक्ससारखं सॉफ्टवेअर या स्थानांची फाइल लिहितं आणि व्हीएमडीमध्ये ती चित्रपटासारखी फिरते. सगळी पावलं ठेवली तर डिस्क भरून जाईल, म्हणून शंभर किंवा हजार पावलांनंतरचं एकच चित्र ठेवतात. मूळ हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल अशीच संगणकावर मोजली होती.

मोठ्या मुलांना एक गणित द्या. व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं आणि प्रत्येक चित्र एका फेम्टोसेकंदाचं असेल, तर रेणूच्या आयुष्यातला एक खरा सेकंद पाहायला किती वेळ लागेल? उत्तर येतं साधारण दहा लाख वर्षं. मुलं दोनदा तपासून बघतात!

शाळेत संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरवर फेटचं 'स्टेट्स ऑफ मॅटर' सिम्युलेशन चालतं. त्यात घन अवस्थेतले कण जागच्या जागी थरथरताना दिसतात, आणि दगडाच्या प्रश्नासाठी मला तेच जास्त आवडतं.

क्लिप दाखवून झाल्यावर "ऑक्सिजन खरंच लाल असतो का?" हे नक्की विचारा. लाल ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन हे ओळखण्यासाठी ठरवलेले रंग आहेत, हे कुणीतरी मुलांना सांगायला हवं. नाहीतर पुढच्या चाचणीत "अणूचा रंग लाल असतो" असं उत्तर हमखास येतं.