नलारबॉरचा सरळ रस्ता आणि अर्धे वाचलेले शास्त्र

वैद्याने सांगितलेले पथ्य रुग्ण घरी घेऊन जातो. त्याचा परिणाम आपणांस आठ-पंधरा दिवसांनी कळतो, तोही रुग्ण पुन्हा आला तर. ऑस्ट्रेलियातील एका निर्जन महामार्गावर मात्र मी सांगितलेल्या पथ्याचा परिणाम एका दिवसात, हाताच्या अंतरावरून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्या दिवसाची ही हकिकत वैद्यबंधूंसमोर ठेवताना प्रवासवर्णन हा हेतू नाही. झालेली चूक सांगणे हा आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समन आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा या गावांना जोडणारा आयर महामार्ग सोळाशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. १८४१ साली हा प्रदेश ओलांडणाऱ्या एडवर्ड जॉन आयर याच्या नावाने तो ओळखला जातो. १८९६ साली आर्थर रिचर्डसन या तरुणाने कूलगार्डी ते अॅडलेड हे अंतर सायकलने ३१ दिवसांत कापले. त्या वेळी रस्ता नव्हता. सामान थोडके, सोबत पाण्याची पिशवी एवढाच त्याचा संभार. त्या काळी सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात सायकलीला मोठे महत्त्व आले होते, कारण तिला घोड्यासारखे दाणापाणी लागत नसे. स्वाराला मात्र पाणी लागतेच.

माझा महाविद्यालयीन मित्र अनेक वर्षांपासून पर्थला स्थायिक आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघे एप्रिल महिन्यात या मार्गावर निघालो. तिकडे एप्रिल म्हणजे उन्हाळा सरल्यानंतरचा काळ. तरीही उत्तरेकडील वाळवंटावरून वारा आला की दिवस पुन्हा ग्रीष्माचा होतो.

बॅलाडोनिया येथील पेट्रोल पंपवजा धर्मशाळेत आमचा मुक्काम होता. पुढचा मुक्काम कायगुना, अंतर १८२ किलोमीटर; मध्ये दुकान नाही, नळ नाही. हे अंतर दोन दिवसांत कापावयाचे ठरवून आम्ही प्रत्येकी चौदा लिटर पाणी भरून घेतले. रात्री मित्र खारे शेंगदाणे आणि सूपची पाकिटे पिशवीत भरू लागला, तेव्हा मी त्यास थांबविले.

"अरे, उद्या ऊन कडक आहे. ग्रीष्मात लवण, अम्ल, कटू वर्ज्य. हे इथेच ठेव. पाणी मात्र भरपूर पी."

"वैद्यराजांची आज्ञा!" असे म्हणून त्याने पाकिटे तेथेच ठेवली. मी स्वतः मात्र पोळीबरोबर लिंबाचे लोणचे खात होतो आणि उद्यासाठी त्याची बाटलीही बांधून घेतली होती. वैद्याचे पथ्य बहुधा दुसऱ्यासाठीच असते.

सकाळी फटफटताच निघालो. रस्त्याच्या दोहों बाजूंस मॅली जातीची बुटकी झाडे आणि निळसर करडी झुडपे होती. नलारबॉर या नावाचा अर्थ वृक्षहीन असा असला, तरी महामार्गाचा हा भाग सर्वस्वी उघडा नाही. आपण ज्यास निलगिरी म्हणतो, त्या कुळाचे मूळ घर हेच. तेथील मूळ रहिवासी काही मॅली झाडांची जमिनीलगत आडवी पसरलेली मुळे उकरून, त्यांचे तुकडे उभे धरून त्यांतून पाझरणारे पाणी पीत. खडकांतील नैसर्गिक कुंडे कोठे आहेत हेही ते पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. आमच्याजवळ तसले ज्ञान नव्हते; प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या.

सुमारे ३५ किलोमीटरनंतर एक फलक लागला. येथून पुढे १४६.६ किलोमीटर रस्त्यास एकही वळण नाही. दहा वाजेपर्यंत आनंदात गेले. मग वारा ईशान्येकडून, थेट तोंडावर आला. वेग ताशी दहा किलोमीटरांवर उतरला. तीस मीटरांहून लांब मालगाड्या शेजारून गेल्या की सायकल डांबराच्या कडेला ढकलली जाई. माश्या डोळ्यांच्या कडांवरून हलत नव्हत्या.

मी तहान लागेल तसा पाणी पीत होतो. मित्र घड्याळ लावून, दर वीस मिनिटांनी, तहान नसतानाही पीत होता. दुपारी दोन वाजता अंतर भरले होते अवघे ७२ किलोमीटर. माझे पाच लिटर पाणी संपले होते, त्याचे नऊ.

त्याचे डोके दुखू लागले. मळमळ सुरू झाली. उन्हाची बाधा, पित्तप्रकोप, असे निदान करून मी त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि आणखी पाणी पाजले. त्यानंतर त्यास उलटी झाली. "कायगुना किती राहिले?" असे विचारता त्याने कालच्याच गावाचे नाव सांगितले. तेव्हा मी घाबरलो, आणि घाबरल्यावर प्रथमच नीट पाहू लागलो.

जिव्हा ओली होती. त्वचा थंड व घामाने दमट होती. दाह नव्हता, तृष्णा नव्हती. घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वण मनगटावर उमटला होता आणि बोटातील अंगठी फिरत नव्हती. गौरव, उत्क्लेश, शोथ ही लक्षणे केवळ पित्ताची नव्हेत. हा जलाचा अतियोग होता, आणि तो मी सांगून घडविला होता.

पाणी तत्काळ बंद केले. भ्रमणध्वनीस संपर्क नव्हता. लोणच्याची बाटली काढून त्यास थोडा थोडा खार चाटविला. अर्ध्या तासाने फिरते घर जोडलेली एक मोटार दिसताच हात केला. त्यातील वृद्ध दांपत्याने काही न विचारता सावलीसाठी कनात ताणली आणि सूपच्या दोन वड्या कपभर पाण्यात विरघळवून दिल्या. आदल्या रात्री मी टाकावयास लावलेली वस्तू हीच! मग दोन्ही सायकली त्यांच्या गाडीवर चढल्या. त्या दिवशीचा आमचा प्रवास ७२ किलोमीटरांवर संपला.

वाटेत रस्त्याचा एक रुंद भाग लागला. त्यावर विमान उतरण्यासाठी पांढरे पट्टे आखलेले होते. जॉन फ्लिन यांनी १९२८ साली सुरू केलेल्या विमानवैद्यक सेवेचे डॉक्टर गरज पडल्यास अशा पट्ट्यांवर उतरतात. आम्हांस तशी वेळ आली नाही. कायगुनाहून दूरध्वनीवर त्यांच्याशी बोललो. मूत्रप्रवृत्ती मोकळी होईपर्यंत पाणी देऊ नये, रात्रभर लक्ष ठेवावे, भ्रम वाढल्यास लगेच कळवावे, असे त्यांनी सांगितले. रात्री नऊच्या सुमारास लघवी मोकळी झाली आणि पहाटेपर्यंत डोके उतरले. सकाळी तो मला म्हणाला, "तुझं लोणचं होतं म्हणून बरं." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता चुकीचा विचार. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्याध्यायात ग्रीष्मात लवण, कटू, अम्ल वर्ज्य सांगितले आहेत, हे खरे. परंतु त्याच ठिकाणी व्यायाम आणि सूर्यताप हेही वर्ज्य सांगितले आहेत. तो उपदेश सावलीत स्वस्थ बसणाऱ्यासाठी आहे. मी मित्रास व्यायाम आणि ऊन दोन्ही दिले व लवण तेवढे काढून घेतले. शिवाय व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला की थांबावे, असे सुश्रुताचार्य सांगतात. तोंडावरच्या वाऱ्यात ती मर्यादा आम्ही अकरा वाजताच ओलांडली होती. जलपानही प्रमाणात असावे, हा तर वाग्भटाचार्यांचाच उपदेश. त्यात शरद व ग्रीष्म यांना सवलत आहे, पण सवलत म्हणजे सक्ती नव्हे.

आधुनिक वैद्यकात या अवस्थेस रक्तातील सोडियमची न्यूनता म्हणतात. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांतील १३ टक्के धावकांत ही न्यूनता आढळली, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात ती विशेष होती.

मॅरेथॉन आता आपल्या शहरांतही होतात. पंढरीची वारी आणि उन्हातील शेतीकाम तर आपल्या नित्याच्या परिचयाचे आहे. म्हणून व्यवहारातील काही गोष्टी येथे नोंदवितो. दीर्घ श्रम करणाऱ्यास पाणी तहानेनुसार पिण्यास सांगावे, घड्याळानुसार नव्हे. घाम गाळणाऱ्याच्या आहारातील मीठ काढू नये. रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असल्यास त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. डोकेदुखी व मळमळ दोन्ही अवस्थांत असतात, म्हणून पाणी देण्यापूर्वी जिव्हा, तृष्णा, बोटांची सूज आणि मूत्र यांची चौकशी करावी. भ्रम वा आक्षेपक दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. तेथे शिरेवाटे तीव्र लवणजल द्यावे लागते.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. जलसंजीवनीचे पाकीट देताना ते किती पाण्यात विरघळवावयाचे हे तोंडाने सांगावे. २००२ पासूनच्या जागतिक प्रमाणानुसार लिटरभर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाणी दुप्पट केले तर मिठाचे प्रमाण निम्मे होते. मात्र जलाचा अतियोग झालेल्यास हे पाणीही औषध नव्हे, हेही ध्यानी असावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सायकलीवर बसलो. मित्राच्या पिशवीत खारे शेंगदाणे होते. मी पथ्य सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही. इत्यलम्.