रूळ गेले, वाट राहिली

माझे बालपण दारव्ह्यात गेले. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी आमच्या गावावरून जायची. आता ती बंद आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांविषयी जे मिळेल ते वाचत राहण्याचा नाद मला तिच्यामुळे लागला. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. शब्दकोश हाताशी घेऊन, अडखळत फ्रेंच शिकलो, तेही या नादापायीच. मुलगी शिकायला लिऑंला गेली आणि गेल्या मे महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी बर्गंडी प्रांतात भाड्याच्या सायकलवर बसलो. जिव्री ते क्लुनी असे ४४ किलोमीटर. वाटेत रस्ता ओलांडावा लागे तेवढ्यापुरत्या मोटारी दिसल्या, एरवी नाही.

खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या अशा मोटारविरहित वाटा फ्रान्सभर आहेत. परदेशवारी करून आलेली आपली मंडळी त्यांचे कौतुक सांगतात, तेव्हा ‘त्यांनी सायकलवाल्यांसाठी केवढे केले’ असा सूर असतो. मला जे सापडले ते थोडे वेगळे आहे. यांतल्या बहुतेक वाटा सायकलसाठी आखलेल्याच नव्हत्या. त्यांच्या आखणीचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या एका अभियंत्याकडे आणि त्याच्यासारख्या रेल्वे-कालवे बांधणाऱ्यांकडे जाते.

त्या अभियंत्याचे नाव शार्ल द फ्रेसिने. १८७७ मध्ये तो फ्रान्सचा सार्वजनिक बांधकाममंत्री झाला. पुढे अनेकदा पंतप्रधानही झाला. १८७० च्या पराभवानंतर उभे राहिलेले तिसरे प्रजासत्ताक अजून कोवळे होते. ग्रामीण भागाला ते आपले वाटावे, आडगावचा माल बाजारात यावा, यासाठी प्रत्येक उपजिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे पोहोचवायची, अशी योजना त्याने मांडली. १७ जुलै १८७९ च्या कायद्याने १८१ नवे मार्ग मंजूर झाले; त्यांची लांबी साडेआठ हजार किलोमीटरांहून अधिक होती. त्याच वर्षी कालव्यांसाठीही कायदा झाला. ३८.५ मीटर लांब आणि सुमारे ५ मीटर रुंद नावा देशभर फिरू शकतील, असे एकच माप त्यात ठरले. ते आजही फ्रेसिनेच्या नावाने ओळखले जाते.

यातले बरेच मार्ग सुरुवातीपासूनच तोट्यात होते. बस आणि लॉरी आल्यावर त्यांचा जीव आणखी क्षीण झाला. १९३८ मध्ये खासगी कंपन्या मोडून एसएनसीएफ ही राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली आणि त्या वर्षापासूनच प्रवासी गाड्या मोठ्या संख्येने बंद होऊ लागल्या. युद्धानंतर घरोघरी मोटार आली. एके काळी ४० हजार किलोमीटरांच्या वर असलेले मुख्य जाळे आज ३० हजारांच्या आत आहे. रूळ, स्लीपर उचलून नेले. मागे उरली काही मीटर रुंदीची, मैलोन्मैल अखंड जाणारी जमिनीची पट्टी.

या पट्टीचा गुण सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक फार चढ सोसत नाही, ते घसरते. म्हणून आखणी करणारे असे मार्ग सहसा हजार मीटरला पंचवीस मीटरांहून जास्त चढवत नसत. टेकडी आली की कापून खिंड करायची, खोलगट भाग आला की भराव घालायचा, वळण द्यायचे ते रुंद द्यायचे. इंजिनासाठी केलेली ही सगळी मेहनत आता माझ्या गुडघ्यांच्या कामी आली. जिव्री आणि ब्युक्सीच्या परिसरात द्राक्षमळे आहेत. पुढे गायरान लागते, त्यात पांढऱ्या शारोले गाई. चढ आहे हे पायांना जेमतेम कळते. ठरावीक अंतराने जुने स्थानक येते. काहींच्या भिंतीवर गावाचे नाव अजून शाबूत आहे.

जिव्री–क्लुनी ही फ्रान्समधली अशी पहिली वाट. १९९७ मध्ये ती खुली झाली. ती करून घेतली सोन-ए-ल्वार या जिल्ह्याच्या परिषदेने. आपल्या जिल्हा परिषदेशी तिची ढोबळ तुलना करता येईल. या प्रकाराला फ्रेंचमध्ये ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हरितमार्ग. सप्टेंबर २००४ च्या एका आदेशाने वाहतूक संहितेत त्याची व्याख्या आली: इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. म्हणजे ही केवळ सायकलपट्टी नाही. बाबागाडी ढकलणारी आई आणि चाकाच्या खुर्चीतले आजोबा यांचाही तिथे तितकाच हक्क आहे. ‘व्हेलोरूत’ हा शब्द वेगळा. तो लांब पल्ल्याचा सायकलमार्ग असतो; त्यात हरितमार्गाचे तुकडे कमी वर्दळीच्या गावरस्त्यांनी जोडलेले असतात. अटलांटिक किनाऱ्यापासून ल्वार नदीच्या काठाने पूर्वेकडे जाणारा मार्ग या जातीचा. नकाशात हा फरक न पाहता निघालेला माणूस अचानक ट्रॅक्टरसमोर येतो.

कालव्यांची गोष्टही अशीच आहे. काठावरून घोडे किंवा माणसे दोराने नाव ओढत, म्हणून काठाला वाट ठेवावीच लागे. पिएर-पॉल रिके याने सतराव्या शतकात बांधलेला मिदी कालवा तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर जातो. त्याच्या काठची वाट तुलूजपासून सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहे. पुढे बराच भाग मातीखडीचा, झाडांच्या मुळांनी उचकटलेला. बारीक टायरच्या सायकलचे तिथे हाल होतात. सावली देणारी प्लेनची झाडेही बुरशीजन्य रोगामुळे २००६ पासून हजारोंनी तोडावी लागली आहेत. कालव्याकाठी चढ जवळजवळ नसतोच. जलपाशाजवळ, म्हणजे नावा वर-खाली करणाऱ्या दरवाजांपाशी, छोटासा उंचवटा येतो आणि पुन्हा सपाटी.

क्लुनीच्या पुढे माकाँकडे जाताना ब्वा-क्लेरचा १६०० मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्या काळात आत वटवाघळे झोपलेली असतात. मग सायकलवाल्यांनी डोंगरावरून वळसा घ्यायचा. मला हे वाचून हसू आले होते. तिथल्या गारव्यात उभा राहिलो तेव्हा हसू आले नाही.

परतीच्या वाटेवर फाटकाजवळच्या एका छोट्या घरासमोर पाणी मागायला थांबलो. पूर्वी तिथे फाटकवाली राहत असे. घरातल्या वृद्ध बाई म्हणाल्या, “वाट छान आहे. उन्हाळ्यात माणसं दिसतात. पण डॉक्टरकडे जायला मला शेजाऱ्याची मोटार लागते. लहानपणी गाडी दाराशी थांबायची.”

मुलीने भाषांतर करून सांगितले आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. हरितमार्गाच्या कौतुकात ही बाजू सहसा येत नाही. जिथे रेल्वे परत यावी असे लोकांना वाटते, तिथे फ्रान्समध्येही वाद होतात: एकदा डांबर पडले की रूळ कायमचे गेले, असे रेल्वेप्रेमी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी जमिनीची मालकी रेल्वेकडे किंवा राज्याकडेच ठेवून फक्त व्यवस्था स्थानिक संस्थेकडे दिलेली असते, त्यामुळे कागदावर परतीचा रस्ता उघडा राहतो. प्रत्यक्षात त्यावरून गाडी क्वचितच परतते.

हे मला झोंबले, कारण काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका बैठकीत कुणीतरी शकुंतलेच्या मार्गावर सायकलवाट करण्याचे सुचवले होते आणि सर्वांत मोठ्याने विरोध मी केला होता. लोकांना ब्रॉडगेज हवी आहे. आजारी माणसाला अकोल्याला न्यायचे तर सायकल काय कामाची, असे मी म्हणालो होतो. ते म्हणणे मी आजही मागे घेत नाही. फाटकाजवळच्या त्या बाईही तेच सांगत होत्या.

पण त्या दिवशी मी दुसरी एक गोष्ट विसरलो होतो. रूळ पुन्हा टाकता येतात, इंजिन विकत घेता येते. शंभर किलोमीटरांची अखंड पट्टी मात्र एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली, मधे एक गोदाम, पुढे एक कुंपण असे झाले, की पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य. प्रत्येक शेतमालकाशी नव्याने बोलणी आणि प्रत्येक तुकड्याला नवा खटला. फ्रान्समध्येही पुष्कळ जुने मार्ग असे विकले जाऊन संपले. जिथे पट्टी सलग राहिली, तिथेच आज सायकल चालते. वापर असला की माणसांची नजर राहते आणि नजर असली की जमीन राहते.

परतल्यावर दारव्ह्याला गेलो. माझ्या लहानपणीच्या जागेपासून जुन्या मार्गाने दोनेक किलोमीटर चाललो. बाभळी इतक्या माजल्या आहेत की पुढे जाता आले नाही. रुळाखालचा भराव मात्र पायाला अजून लागत होता. आता बैठक झाली तर मी गाडीच मागेन. फक्त एक वाक्य आधी बोलेन: गाडी येईपर्यंत ही पट्टी मोजा, नकाशावर घ्या आणि हातची जाऊ देऊ नका.